मामाचा उजवा कौल

सातासमुद्रापलीकडच्या गोऱ्यांच्या मारामारीवर भरवसा ठेवून संसार करणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये एकच होता, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघावा, हे माझं नशीब! आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवाला कौल लावतात. देवाच्या दोन्ही अंगांना पाणी लावून फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पण मामाचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं, देवालाही नव्या देवळात बिऱ्हाड हलवावं लागलं. मामा म्हणाला, "देव आजून नव्या जागंत रुळला नाय. त्याला आताच कशाला तरास द्याचा?" आणि देवाचं काम त्यानं टीव्हीवरच्या कुस्तीला देऊन टाकलं. उजवीकडे उभा राहिलेला पैलवान जिंकला की होकार. जिंकला रे जिंकला, की मामा स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडणार, "ऐकला का गो? उजवा दिला!" मामी आतून म्हणणार, "ऐकला, ऐकला. चाय प्या आदी."

या कौलानं आमचा जीव नकोसा केला. गावाच्या बदल्यात मिळालेला उलव्याचा प्लॉट बिल्डरला द्यायचा की नाही, हे दोन अगडबंब पैलवानांवर ठरायचं होतं. ते दोघेही मारामारी करत रिंगणाबाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. निकाल नाही म्हणून बिल्डर बिचारा महिनोन्महिने चपला झिजवत बसला. मामेबहिणीला सांगून आलेला एक सोन्यासारखा मुलगा केवळ एका मुखवटेवाल्यानं मार खाल्ला म्हणून परत गेला. तिचं पुढे दुसरीकडे जमलं आणि ती सुखात आहे, त्यामुळे बोलायचीही सोय उरली नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, अरे कोण जिंकणार ते तिथं आधीच ठरलेलं असतं!" मामा शांतपणे म्हणाला, "मंग देवाकडचा काय आयत्या येळेला ठरतं?" मी कपाळावर हात मारला.

मग मामीच्या काळजाची झडप बिघडली. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी दाखल व्हायला जो सोमवार दिला, त्याच सकाळी वर्षातली सगळ्यात मोठी कुस्ती होती. त्या वार्षिक कुस्तीत काळ्या कोटातला एक उंच, थोराड, वय झालेला पैलवान कधीच हरला नव्हता. मामानं कौल लावला तो नेमका त्याच्यावर. "तो कुठंय उबा ऱ्हाऊ दे, उजवा तोच," असंही जाहीर केलं. उजवं फूल हमखास पडावं म्हणून त्याला पाणी कमी लावण्यातलाच हा प्रकार. जन्मात पहिल्यांदा मामानं कौलात लबाडी केली, कारण तो पार घाबरला होता.

आणि तो पैलवान हरला. मी मामीला न्यायला रिक्षा घेऊन आलो तेव्हा टीव्हीतली तोबा गर्दी चिडीचूप होती. मामाच्या चहावर साय धरली होती. म्हणाला, "ऑपरेशन नाय कराचा." माझं डोकंच फिरलं. "एक म्हातारा तिकडे आपटला म्हणून तू मामीला मारणार का?" असं नको ते बोलून गेलो. मामा लहान पोरासारखा रडायला लागला. "कौल मोडाचा नाय रं," एवढंच म्हणत राहिला.

मामी पिशवी भरून बाहेर आली. धाप लागली होती, तरी ठणकावून म्हणाली, "कौल माज्या नावाचा ना? मंग लावताना मला का नाय बशिवली? मी नसताना लावलेला कौल मी धरत नाय. उठा, चपला घाला." मामा उठला. तिनं सांगितल्यावर तो नेहमीच उठायचा.

ऑपरेशन नीट झालं. पण मामानं टीव्हीवर कापड टाकलं ते टाकलंच. मामी नुसती खोकली तरी तो त्या कापडाकडे बघायचा. पुढचा शिमगा मामीनं पाहिला, पाडवा मात्र नाही. स्मशानातून येताना मामा माझा हात धरून म्हणाला, "डावाच व्हता रं तो. उशिरा लागू झाला, एवढाच." मध्ये मिळालेलं अख्खं वर्ष मला त्याला दाखवायचं होतं, पण मी त्याला नुसतं धरून रिक्षात बसवलं.

बारावं झालं, पाहुणे पांगले. आणि एका सोमवारी सकाळी मामाचा फोन. मागे टीव्ही चालू होता, म्हणजे कापड निघालं होतं. "आरं, जिंकला तो! म्हातारा परत आला न् जिंकला!" आवाज अगदी जुना, खणखणीत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! फोन कानावेगळा करून तो स्वयंपाकघराकडे वळला असावा, कारण पुढचं ओरडणं लांबून आलं, "ऐकला का गो? उजवा दिला!"

मग नुसता टीव्हीतला गलका. मी "मामा, मामा" करत राहिलो. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

शेवटी मीच म्हणालो, "ऐकलं मामा. चहा पी आधी."

तो "हां" म्हणाला, पण फोन काही त्यानं ठेवला नाही.