कारलेवालीचं पथ्य

त्या सकाळी आम्ही नवरा-बायको मांडवाखाली कारली तोडत होतो. ती पुढं, मी मागं. बाजारात न्यायच्या आधी ती एक कारलं कच्चंच चावून बघायची. तोंड कडूजहर झालं तरच माल चांगला. अकोल्याच्या बाजारात तिला कारलेवालीच म्हणत. घरात मीही तेच म्हणायचो.

तिला साखरेची बिमारी होती. ती लघवीला बसली की मोरीत मुंग्या लागायच्या, घागरभर पाणी पिऊन तहान जायची नाही. अंगातलं बळ गेलं म्हणून मी तिला गूळ-तूप चारत गेलो. तीही म्हणायची, "बिमारी साखरेनं होते. गूळ आपल्या मातीतला, तो कायले बाधते?" वरून वाटीभर कारल्याचा रस प्यायची. "कडूनं गोड मरते. झालं बराबर."

वाळून काटकी झाली तेव्हा डॉक्टरकडे नेली. लढाईचे दिवस, औषध नागपूरहून यायचं. डॉक्टरनं रोज सकाळची सुई लावून दिली आणि पुष्कळ काही सांगितलं. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. गोड म्हणजे हिला जहर, एवढंच डोक्यात घेऊन घरी आलो. गुळाची ढेप कोठीत टाकून कुलूप लावलं, चावी करदोड्याला बांधली.

सुईनं तिचं अंग भरलं. डोक्यावर टोपली घेऊन पुन्हा बाजारात जाऊ लागली. श्रेय मात्र सुईला द्यायची नाही. "कंपाउंडर टोचते, मी कारलं चावते. जीव कोणामुळं वाचला, देवाले ठाऊक."

कारली तोडत होतो त्या दिवशी चतुर्थी होती, तिचा उपास. तिनं सुई घेतली आणि काही खाल्लं नाही. "पोटात काही गेलंच नाही, तर साखर होईन कशाची?" मलाही ते पटलं.

मांडवाखाली तिचे हात कापू लागले. थंडीतही लुगडं घामानं भिजलं.

"अवो, मले गुळाचा खडा द्या."

"उपास मोडतं काय? अन् जहर मागतं?"

"डोळ्याले अंधारी येऊन राहिली. द्या ना जी."

"तुले चटक लागली गोडाची. चावी भेटत नाही."

"लय कठोर आहा तुमी," असं म्हणून ती तिथंच मातीत बसली. मी कारल्याचा रस आणला. तिनं तो प्यायला. मग आडवी झाली, ती हाकेला ओ देईना.

डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती. त्यानं विचारलं, "सुईनंतर काय खाल्लं?" मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "सुई रक्तातली साखर उतरवते. वर जेवण नसलं तर साखर पार तळाला जाते. हात कापत होते तेव्हाच गूळ दिला असता, तर बाई उठून बसली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूर्तिजापूरची गाडी धरली. तिथं एक शाळामास्तर हीच सुई घ्यायचे. डॉक्टरच्या ओट्यावर ओळख झाली होती. गोड घरातच ठेवू नका, असं त्यांच्या बायकोला मीच बजावलं होतं. सुतक होतं म्हणून त्यांच्या अंगणातच उभा राहिलो.

"आत या की," मास्तरांच्या बायकोनं म्हटलं.

"येत नाही. कारलेवाली काल गेली."

त्या उंबऱ्यातच खाली बसल्या. मी म्हटलं, "बाई, मी तुमाले चुकीचं सांगितलं होतं. आता नीट आयका. सुई घेतली की मास्तरांले जेवू घाला. हात कापले, घाम सुटला, तर आधी गूळ द्या, मग डॉक्टरले बोलवा. आता म्हणून दाखवा."

त्यांनी डोळे पुसत म्हणून दाखवलं.

मी म्हटलं, "आणखी एकदा म्हणा."