नापासाचे पेढे

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साठतातच, पायाखालची माती आणि किस्से. माती मी रविवारी काढते. किस्से कुठे काढणार? म्हणून भेटेल त्याला सांगत सुटते. माझ्या नवऱ्याने सगळे तीन-तीनदा ऐकलेत. आता तुमची पाळी.

मी ज्योती. नाशकात अकरा वर्षं लोकांना गाडी शिकवतेय. स्कूलचे मालक नाना. वय सत्तरच्या पुढे, आवाज अजून ट्रकच्या हॉर्नसारखा. आमच्याकडे लायसन्सच्या टेस्टमध्ये पास होणारा काही आणत नाही. पेढे आणायचे ते नापास होणाऱ्याने, आणि नेमकं कुठे चुकलो ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग त्या दिवशी अख्ख्या बॅचने मैदानावर तीच चूक मुद्दाम करायची. हिला आम्ही चुकीची फेरी म्हणतो.

ही पद्धत नानांच्या आईची. नाना पहिल्या टेस्टला गेले, तेव्हा पोरगा पास होणारच म्हणून माउलीने आधीच पेढे आणून ठेवलेले. नाना नापास. आईने डबा उचलला आणि गल्लीत निघाली. "नाना नापास झाला, घ्या पेढा." पेढा तोंडात टाकून जो तो आपण कुठे गाडी ठोकली होती ते सांगायला लागला. नाना म्हणतात, "महिनाभर शिकून जे कळलं नव्हतं, ते त्या एका संध्याकाळी कळलं."

*

आमच्या मागच्या बॅचमध्ये कुलकर्णी सर होते, गणिताचे रिटायर्ड शिक्षक. टेस्टला रिव्हर्स घ्यायला सांगितलं. सरांनी इंडिकेटर दिला, हँडब्रेक लावला, दार उघडलं आणि खाली उतरून गाडीच्या मागे जाऊन बघून आले. परत बसले, हातभर मागे घेतली, परत उतरले. तिसऱ्यांदा उतरले तेव्हा परीक्षक साहेब म्हणाले, "सर, आता तसेच घरी जा."

दुसऱ्या दिवशी पेढे आले. सर म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, उत्तर ताडून बघा. तेच नडलं."

मग चुकीची फेरी. आम्ही सहा जण आळीपाळीने गाडीतून उतरतोय, मागे वाकून बघतोय, परत बसतोय. मैदानावर क्रिकेट खेळणारे काका लोक खेळ टाकून धावत आले. त्यांना वाटलं गाडी बंद पडली. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ढकलत पार रस्त्यापर्यंत नेऊन दिली.

*

दुसरा रोहन, आयटीवाला. युट्यूबवर सगळे व्हिडिओ बघून आलेला. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मॅम, थिअरी क्लिअर आहे."

टेस्टला पठ्ठ्याने हँडब्रेक न काढता अख्खा आठचा आकडा पूर्ण केला. जळका वास सुटला. साहेबांनी नाक दाबून विचारलं, "काय वाटतं?" हा म्हणतो, "सर, गाडीचं पिकअप वीक आहे."

बरं, याने पेढे मागवले ऑनलाइन. डिलिव्हरीवाला मैदानावर आला, तर नानांनी त्याला आल्या पावली परत पाठवलं. "नापास तू झालास, आणि पेढे देणार तो बिचारा?" रोहन तासाभराने स्वतः डबा घेऊन आला. कुठे चुकलो हे सांगताना मात्र आधी पाच मिनिटं गाडीचीच चूक सांगत होता.

*

आता सुनंदाकाकू. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबवेना, तेव्हापासून घरची पिकअप लिंबाखाली उभी. फुलं जायची शेजाऱ्याच्या टेम्पोतून. तो आधी आपली भरणार, मग जागा उरली तर काकूंची. बाजारात पोचेपर्यंत गिऱ्हाईक पांगलेलं. दसऱ्याचा झेंडू आपल्या गाडीने आपण न्यायचा, एवढ्यासाठी काकू पन्नाशीत गाडी शिकायला आल्या होत्या.

पण चढ आला की गाडी मागे घसरायची. टेस्टला दोनदा घसरली, दोनदा नापास. आणि दोन्ही वेळा पेढे घरच्या म्हशीच्या दुधाचे, वेलची घातलेले. पहिल्या वेळी कुलकर्णी सरांनी डबा मोकळा होईपर्यंत शुगर असल्याचं सांगितलं नाही.

दुसऱ्या वेळी रोहन बोटं चाटत म्हणाला, "काकू, अजून एकदा नापास व्हा ना, प्लीज."

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "तुमचा खेळ हाय रे बाबा. माझा झेंडू हाय." आणि डोळ्यांना पदर लावला.

तिसऱ्यांदा नापास झालं की पुढच्या टेस्टसाठी दोन महिने थांबायला लागतं. दसरा तीन आठवड्यांवर आला होता. मला इतकी लाज वाटली की हातातला उरलेला पेढा मी गुपचूप रुमालात गुंडाळून ठेवला. रोहनचं तर तोंडच उतरलं.

*

नाना उठले. "चला, चढावर. चुकीची फेरी."

मैदानामागच्या चढावर एकेकाने गाडी थांबवायची, सुरू करायची आणि मागे घसरू द्यायची. शेजारी मी माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून. सगळ्यांचं झाल्यावर नाना मला म्हणाले, "ज्योती, आता तू."

"मी? मी शिकवते, नाना. अकरा वर्षांत एकदाही पेढे आणायची वेळ आली नाही माझ्यावर."

"बरं," म्हणाले. नानांचं हे 'बरं' फार वाईट असतं.

काकू सगळ्या फेऱ्यांना मागच्या सीटवर बसून होत्या. खाली उतरल्या त्या एकदम हसतच. "अहो, मला घावलं. तुम्ही सगळे मुद्दाम करीत होता तवा गाडी हळूच घसरत होती. पण मधी मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न मारला, तवा रोहनचा पाय क्लचवरनं फटकन उडाला. माझं बी तेच हुतं. टेस्टला मागं गाड्यांची लाइन असती. हॉर्न वाजला की मला वाटतं, आपल्यापायी लोक खोळंबलं. मग पायच राहत नाय जाग्यावर."

नानांनी कपाळावर हात मारला. दोन महिने मी त्यांना क्लच शिकवत होते, आणि दुखणं कानात होतं.

मग काय! पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी काकू चढावर, आणि मागे आमची बॅच हॉर्न वाजवायला. रोहन बाइकवर, कुलकर्णी सर स्कूटरवर, नाना नुसत्या तोंडाने. समोरच्या सोसायटीतल्या एक बाई तक्रार करायला खाली आल्या. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "थांबा, मी माझी अॅक्टिव्हा आणते."

पहिले चार दिवस काकूंचा पाय उडायचा. पाचव्या दिवशी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला थांबा अशी खूण केली, पदर नीट खोचला, आणि मग सावकाश गाडी वर नेली. आम्ही इतक्या जोरात ओरडलो की क्रिकेटवाले पुन्हा ढकलायला आले.

*

टेस्टच्या दिवशी काकू पास झाल्या. मागे सात गाड्या कोकलत होत्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे उगाचच मैदानाच्या गेटकडे बघत होतो. काकू आल्या नाहीत. नाना म्हणाले, "पास झालेला माणूस परत येत नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही." खरं होतं, तरी मला करमलं नाही.

*

दसऱ्याच्या सकाळी गाडीच्या पूजेसाठी फुलं आणायला मी स्कूलचीच गाडी घेऊन निघाले. टपावर भला मोठा बोर्ड, 'शिका आत्मविश्वासाने'. पंचवटीतल्या चढावर ट्रॅफिक जाम. पुढची रिक्षा हलली, मी फर्स्ट टाकला, आणि अगदी मागून, कानठळ्या बसतील असा हॉर्न वाजला.

माझा पाय उडाला. गाडी आचका देऊन बंद पडली आणि हातभर मागे घसरली. फुटपाथवर आंब्याची पानं विकणारी म्हातारी आधी बोर्ड वाचून मग माझ्याकडे बघायला लागली.

मी आरशात पाहिलं. मागे झेंडूच्या गोण्यांनी टपापर्यंत भरलेली पिकअप. त्या चढावर ती तसूभरही हलली नव्हती. खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला, मग सुनंदाकाकूंचं अख्खं डोकं.

"ज्योतीताई," काकू शांतपणे म्हणाल्या, "उद्या सकाळी येते मी मैदानावर. पेढे वेलची घातलेलेच आणा."