फुलावर आलेला ताग

तेव्हा मी तरुण होते, अठ्ठावन्न वर्षांची. त्या वयात मातीतलं सगळं आपल्याला कळतं असं वाटतं, तसं मलाही वाटत होतं.

आमच्या घरामागे, पोफळी आणि कुंपण यांच्या मध्ये, भाजीची एक पट्टी आहे. मुलाने घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. मुंबईहून येणाऱ्यांच्या गाड्या गल्लीत अडकत आणि शेजारी बोंब मारत. त्यामुळे पट्टीवर पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या उभ्या करायच्या, असं त्याने ठरवलं. त्याचंही चुकत नव्हतं. वर्षानुवर्षं मी तिथे गोणीतलं खत ओतत आले होते. माती इतकी आवळली होती की ब्लॉक न टाकताही गाडी उभी राहिली असती.

"होळीपर्यंत थांब," मी म्हटलं. "दिवाळीपासून दर शनिवारी पाहुण्यांच्या ताटात ह्या पट्टीतली भाजी पडेल. एक शनिवार चुकला तर घाल तुझे ब्लॉक."

"बघ हां आई, शब्द दिलायस."

"दिला, दिला."

मग मी कृषी सहायक बाईंना गाठलं. त्यांनी सांगितलं, एक ओळ लाल माठाची, एक तागाची. माठ तीन आठवड्यांत खुडायला येईल. तागाला कळी दिसली की तो कोवळा असतानाच कापून तिथेच गाडायचा, कुजून त्याचं खत होऊ द्यायचं आणि मग मुळा पेरायचा. मला ते फारसं पटलं नव्हतं. आम्ही पाला जाळणारी माणसं. पावसाआधी पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, त्या राखेत भाताचं बी टाकायचं, हे लहानपणापासून केलेलं. हिरवा पाला तसाच गाडायचा म्हणजे मला जेवण न शिजवता वाढल्यासारखं वाटलं. तरी दसऱ्याला पेरणी केली.

दिवाळीपासून शनिवार बिनचूक निघाले. माठ लालभडक, ताग कमरेच्या वर. मग तागाला कळ्या आल्या आणि माझी अक्कल गेली. कळ्यांची फुलं झाली, पिवळीधम्मक. पाहुण्या बायका त्यात उभ्या राहून फोटो काढू लागल्या. "आजी, ही कसली फुलं?" कुणी विचारलं की मी गंभीर तोंडाने सांगायची, "खास जात आहे." एक फूल मी अंबाड्यातसुद्धा खोवलं. आरशात बघितलं नाही, एवढंच देवाचं देणं.

थोरली जाऊ कुंपणापलीकडे राहते. तिची वाडी तिकडे, माझी इकडे. ती रोज बघत होती. शेवटी म्हणाली, "बाय, फूल आला म्हंजे ताग म्हातारा झाला. आता खत न्हाय व्हनार त्याचा. आमच्या माहेरी ह्याचे दोर वळायचे. वळ आता दोर नि बांध मुलाच्या गाड्या."

"चार दिवस राहू द्या हो, वहिनी. शोभा आहे."

त्या चार दिवसांचे तीन आठवडे झाले. कापायला गेले तर कोयता बोथट झाला. काठ्याच त्या! तशाच गाडल्या, वर घाईघाईने मुळा पेरला. इकडे माठ खुडून खुडून संपला होता. मुळ्याचा पाला तरी शनिवारपर्यंत येईल म्हणून वाट बघितली. वर आली ती चार पिवळी पानं. एक मुळा उपटून पाहिला, तर खाली काठी आडवी आलेली आणि तिला बगल देत मुळ्याला दोन पाय फुटलेले. कुणाची तरी पाटलोण वाळत घातल्यासारखा दिसत होता.

शनिवार तर आलाच. मी पहाटे जावेच्या वाडीतून जुडीभर माठ आणला. तिला विचारलं नाही, असं नाही, आणल्यावर सांगितलं. भाजी केली, ताटं वाढली. मुलगा ताटाकडे बघत राहिला.

"आई, आपला माठ लाल होता ना?"

जावेचा माठ हिरवा. वीस वर्षं मी तिच्याकडून तोच घेत आले होते आणि नेमकं त्याच दिवशी विसरले.

सोमवारी ब्लॉकवाला पट्टी मोजायला आला. टेपचं दुसरं टोक मीच धरलं. शब्द माझाच होता. कुंपणापलीकडून जाऊ आली आणि मुलाला म्हणाली, "अर्धी तुला, अर्धी तिला. हिच्या अर्ध्यावर मी उभी ऱ्हाते. होळीला मुळा सरळ न्हाय आला तर तीपन घे."

मुलगा हसला. "काकी, तुम्ही असाल तर चालेल." माझ्यावरचा भरवसा केवढा, ते तेव्हा समजलं.

आम्ही दोघींनी काठ्या उकरून काढल्या. कुंपणाच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला चिरून गाडला, तीन आठवडे नुसतं पाणी मारलं. मग एक ओळ मुळ्याची, एक माठाची. जाऊ रोज येऊन माती हुंगायची. होळीच्या दोन दिवस आधी तिने पहिला मुळा उपटला. मनगटाएवढा, सरळ. तो तिने मला न देता मुलाच्या हातात दिला.

उरलेल्या अर्ध्यावर आता दोन गाड्या उभ्या राहतात. दर वर्षी तागाला कळी आली की मी कोयता घेते. मोह होतो, खोटं कशाला सांगू. मग त्या गाड्यांकडे एकदा बघते आणि कापते.