भिंतीपलीकडची हाक

१९७८ साली शकुन नर्स म्हणून साकोलीला बदलून आली. माहेर पवनीचं, मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरचं. नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वारला होता. खेड्यांवर जायला रोज सकाळची पहिली एसटी धरायची, म्हणून तिला स्टँडजवळच खोली हवी होती.

स्टँडमागच्या जुन्या दुमजली चाळीत तिनं तीन दिवस चकरा मारल्या. भिंतींना ओल आहे का ते हात लावून पाहिलं, जिन्याच्या फळ्या दाबून पाहिल्या, नळ किती वेळ चालतो ते बायकांना विचारलं.

मालक वैतागला. "बाई, आता काय पाहाचं राह्यलं?"

शकुन शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या पुष्पाबाईंकडे गेली. पहिल्याच दिवशी तिनं त्यांना आपलं नाव सांगितलं होतं. "मी दार लावून आतून आवाज देतो. तुमाले आयकू येते काय, सांगजा."

"काहून वं?"

"मागच्या गावी तापानं दोन दिवस पडून होतो. कोनाले मालूमच नाही झालं."

तिनं दार लावलं आणि हाक मारली, "पुष्पाबाई!"

भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं, "आयकू आलं वं, शकुन!"

दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणत. आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, नुसतं शकुन असं कुणी म्हटलं नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"अजून एकदा आवाज द्या," ती म्हणाली.

भिंतीचीच परीक्षा चालली आहे असं समजून पुष्पाबाईंनी आणखी मोठ्यानं हाक मारली.

खोली घेणार का, असं मालकानं विचारलं. शकुननं होकारार्थी मान हलवली आणि किल्ली घेतली.