दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये

ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं जाळं त्याच्या ताब्यात, म्हणून सगळे त्याला 'साहेब' म्हणायचे. अक्कल मशीन बंद करून चालू करण्यापुरती, मिजास मात्र सर्जनची.

त्या सकाळी सगळं नेटवर्क ठप्प झालं. साहेबांनी जागेवरूनच निकाल दिला, "झाडूवाल्या मावशींनी नेटवर्कच्या कपाटातली वायर ओढली असणार."

"त्या कपाटाला मी हातसुद्धा लावत नाही हो," मावशी कळवळून म्हणाल्या.

"वायर ओढलेली निघाली, तर उद्यापासून येऊ नका," मॅनेजरने दम भरला.

मग कुठे साहेबांनी कपाट उघडलं. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे जोडलेल्या, त्या स्विचच्या डब्याचे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. काल एक वायर लोंबकळताना दिसली, तेव्हा नीटनेटकं दिसावं म्हणून यानेच तिचं मोकळं टोक रिकाम्या पोर्टमध्ये खुपसलं होतं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. त्यामुळे तेच ते निरोप गोल गोल फिरत राहिले आणि जाळं तुंबलं. पठ्ठ्याच्या लख्ख ध्यानात आलं. त्याने गुपचूप टोक उपटलं.

"आलं, आलं!" बाहेर गलका झाला.

"काय झालं होतं?" मॅनेजरने विचारलं. मावशी साहेबांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मी म्हटलं नव्हतं?" तो हात झटकत म्हणाला.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि त्या जिना उतरल्या. या शूरवीराने कौतुकाचा चहा घेतला, वर साखर कमी पडली म्हणून कुरकुरलाही.