पोळ्याच्या दिवशी अजिंठा

आगगाडीचं वेळापत्रक वाचायचा मला नाद होता. धुळ्याच्या शाळेत मी चित्रकला शिकवत असे, पण मधल्या सुट्टीत माझ्या हातात ब्रश नसे, ते मळकं पुस्तक असे. कुणाला नाशिकला लग्नाला जायचं असो, की कुणाला गुडघे दुखणाऱ्या आईला उनपदेवच्या गरम पाण्यावर न्यायचं असो, माणसं माझ्याकडे येत. चाळीसगावला कोणती गाडी धरायची, कुठे उतरल्यावर टांगा मिळेल, टांग्याची वाट संपली की बैलगाडी कुठून करायची, हे मी त्यांना तोंडपाठ सांगे. सांगताना जरा भाव खात असे, हेही कबूल करतो. स्वतः मात्र मी फारसा कुठे गेलेलो नव्हतो.

ज्यांनी मला चित्रकला शिकवली ते मास्तर त्या वेळी साठीला टेकले होते. शाळेतून निवृत्त झाले होते, घरी एकटेच असत. तीस वर्षं त्यांनी मुलांना अजिंठ्याची चित्रं शिकवली, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या एका छापील चित्रावरून. अजिंठा आमच्या खानदेशच्या सीमेला लागून, निजामाच्या हद्दीत. विलायतेहून माणसं बोटीने येत, जळगावला उतरून मोटारीने लेणी बघून जात. मास्तर धुळ्याहून तिथे एकदाही गेले नाहीत. डोंगर काय पळून जातोय, असं ते म्हणत. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. एक डोळा गेला तो कळायच्या आत गेला. दुसऱ्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसे, आणि तेही भर उजेडात. जरा अंधारलं की त्यांना भिंत आणि दार एकच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की दिवाळीपर्यंत हा डोळाही टिकेल असं धरून चालू नका. मी ते मास्तरांना सांगितलं नाही. त्यांना ते आधीच कळलेलं होतं. चार दिवसांनी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुझं ते पुस्तक काढ. मला अजिंठा बघायचाय."

दिवस पावसाळ्याचे होते. शहाण्या माणसाने अजिंठ्याला हिवाळ्यात जावं, पण हिवाळ्याची वाट बघायला मास्तरांच्या डोळ्याला सवड नव्हती. मी वेळापत्रक उघडलं. धुळ्याहून चाळीसगाव, चाळीसगावहून पाचोरा, पाचोऱ्याहून जामनेरची छोटी गाडी धरून पहूर, आणि पहूरहून बैलगाडीने फर्दापूरवरून थेट लेणी. गाड्या एकीला एक अशा लागत होत्या, की मला स्वतःचाच अभिमान वाटला. दिवसही सापडला. पोळ्याची सुट्टी शनिवारी होती, तिला जोडून रविवार. शाळा बुडवायची गरज नाही.

वाचकांपैकी जो कुणी शेतकऱ्याच्या घरातला असेल, त्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. धुळ्यापासून तीन कोसांवर आमची शेती, वडिलांचे दोन बैल. पण आठ वर्षं मी शहरात राहत होतो आणि पोळा माझ्यापुरता भिंतीवरच्या कॅलेंडरातली एक लाल तारीख झाला होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघालो. लढाई चालू होती. स्टेशनावर पाट्या लावलेल्या, गरज असेल तरच प्रवास करा म्हणून. मास्तरांनी पाटीला नाक लावून ती वाचली आणि आपली गरजच आहे असं मला शांतपणे सांगितलं. चाळीसगावला गर्दी इतकी की मास्तरांना मी खिडकीतून आत दिलं. पाचोऱ्याला धर्मशाळेत पाठ टेकली आणि सकाळी छोट्या गाडीत बसलो. ती गाडी इतकी सावकाश चाले, की वाटेतल्या शेतातली माणसं आतल्यांची ख्यालीखुशाली विचारत आणि उत्तर ऐकूनही घेत. मास्तर खूश होते. कपाशी कोणत्या हिरव्या रंगाची, ज्वारी कोणत्या, हे ते मला शिकवत होते.

पहूरला उतरलो. स्टेशनाबाहेर एरवी सात-आठ बैलगाड्या उभ्या असतात. त्या दिवशी एकही नव्हती. मी इकडेतिकडे बघितलं. समोरून दोन बैल आले, अंगाला गेरूचे ठसे, शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा, आणि त्यांना धरून चालणारा माणूस नव्या टोपीत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. खानदेशात लहान पोरालाही हे माहीत असतं. बैलगाडीला वेळापत्रक नसतं अशी माझी समजूत होती. असतं. ते पंचांगात असतं.

मला इतकी लाज वाटली की मी मास्तरांना खरं कारण सांगायचं टाळलं. गाड्या जरा उशिरा येतात म्हणालो. ते ओट्यावर बसून राहिले. आभाळात ढग येत-जात होते. ऊन असेल तरच लेण्यात उजेड नेता येणार, आणि उजेड असेल तरच मास्तरांना काही दिसणार. दुसऱ्या दिवशी ऊन पडेल की नाही कोण सांगणार? माझ्या मूर्खपणाने त्यांचं एकुलतं एक जाणं फुकट जाणार होतं.

अकराच्या सुमाराला जळगावची सर्व्हिस मोटार आली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली होती आणि त्या वायूवर ती चाले. ती थेट लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाते असं ड्रायव्हरने सांगितल्यावर मी त्याच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. या मोटारीचा भरवसा नाही म्हणून मी तिला माझ्या आखणीत घेतलंच नव्हतं. आता तीच देवासारखी धावून आली.

ती देवासारखी वाकोदच्या पुढच्या चढापर्यंत धावली. तिथे खोकली, दोनदा हिसके दिले आणि थांबली. ड्रायव्हर काळजीत नव्हता. चढावर हिचा दम तुटतोच, म्हणाला. माथ्यापर्यंत कुणी ओढून नेली की उताराला इंजिन धरतं. त्यासाठी रस्त्याकडेच्या गावातून बैलजोडी मागवायची, ती दोरखंडाने मोटार माथ्यावर नेते, हा रोजचा रिवाज. मग तोही बोलता बोलता थांबला. आज काय आहे ते त्यालाही आठवलं.

आम्ही सगळ्या उतारूंनी खाली उतरून जोर लावला. मोटार हातभर सरकली आणि हातभर मागे आली. मी गावाकडे पळत गेलो. नाल्यावर माणसं बैल धुऊन, सजवून उभी होती. त्यांत एक म्हातारे आबा होते, बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मास्तरांचा डोळा, दिवाळीपर्यंतची मुदत, लेण्यातला अंधार, आणि कुणब्याचा मुलगा असून पोळा विसरलो तेसुद्धा. शेवटचं ऐकून दोघेचौघे हसले. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "आज बैलेसना खांदावर जू नही ठेवाव, भाऊ. आज त्येसना दिन शे."

मी मान खाली घातली. त्यांचं चूक नव्हतं. माझ्या वडिलांनीही हेच उत्तर दिलं असतं, वर दोन शिव्या दिल्या असत्या.

आबांनी हातातली वेसण नातवाकडे दिली. "बैल नहीत ते काय व्हयनं," ते म्हणाले, "आम्ही शेतस ना."

पुढचं दृश्य मी कधी विसरणार नाही. पंधरा-वीस माणसं नव्या टोप्या खिशात कोंबून दोरखंडाला लागली. बैल आणायला नको म्हणून सांगितलेलं असूनही पोरांनी तेही मागोमाग आणले. झुली पांघरलेले ते बैल रस्त्याच्या कडेने निवांत चालत होते, आणि दोराला आम्ही. मोटारीत ड्रायव्हर सोडला तर एकटे मास्तर, कारण आबांनी त्यांना उतरू दिलं नाही. नवरदेवासारखे ताठ बसले होते. बैलांना काय वाटलं असेल देव जाणे, पण वर्षातून एक दिवस तरी ही गंमत त्यांना बघायला मिळाली. मला आबांच्या मागे जागा मिळाली होती. माझ्या मऊ खांद्याला दोर असा कापत होता, की आमच्या घरच्या दोन्ही बैलांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

माथ्यावर पोचल्यावर सगळे धापा टाकत बसले. मागून बायका आल्या. त्यांतल्या एका अक्काने हळद-लोण्याची वाटी आणली होती. आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात त्यातलं उरलेलं. तिने माझा सदरा मानेपासून बाजूला केला आणि बैलाला लावावं तसं ते माझ्या खांद्याला चोळलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं तिथे उतरलं. अक्काने मास्तरांच्या हातात फडक्यात बांधलेले पुरणाचे मांडे दिले, आणि उताराला इंजिनाने खरंच धरलं.

लेण्यांशी पोचलो तेव्हा दुपार कलत होती. ऊन होतं. मास्तरांना हाताला धरून पायऱ्या चढवल्या. त्या कमळवाल्या चित्राच्या ज्या लेण्यासाठी ते आले होते तिथे एक राखणदार होता. त्याच्याकडे दारापुढच्या अंगणात धरायचा एक मोठा आरसा होता आणि आत धरायची पांढऱ्या कापडाची चौकट. बाहेरच्या आरशाने ऊन पकडून आत फेकायचं, आतल्या चौकटीने ते भिंतीवर वळवायचं. दोन माणसांचं काम. त्याचा जोडीदार पोळ्यासाठी गावी गेला होता. मी आरसा घेतला. राखणदार चौकट घेऊन मास्तरांबरोबर आत गेला.

ऊन हलतं, तसा आरसा हलवावा लागतो. नजर उन्हावर आणि दाराच्या काळ्या चौकोनावर ठेवून मी उभा होतो. मधेच ढग येई, मग आतून काहीच ऐकू येत नसे. ढग जाई, मी उजेड परत आत सोडे. सुरुवातीला बराच वेळ मास्तरांचा आवाज आला नाही. नळीएवढ्या त्या नजरेत आता काहीच मावत नसेल तर? एवढा आटापिटा करून मी त्यांना एका अंधाऱ्या खोलीत आणून उभं केलं असेल तर?

मग आतून ते राखणदाराला सांगताना ऐकू आले, थोडं डावीकडे. थोड्या वेळाने, आता वर. मग त्या बाजूच्या भिंतीवर. त्यांचा वर्गातला आवाज होता तो, मुलाच्या वहीवर वाकून बोलताना असे तसा. मी जवळजवळ मोठ्याने हुश्श म्हणालो. ऊन डोंगराआड जाईपर्यंत तासाच्या वर मी आरसा धरून होतो. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. आत बघायला मी डोकावलो, तर आत नुसता काळोख.

रात्र फर्दापूरला काढली. दुसऱ्या दिवशी बैल कामावर होते. फर्दापूरहून बैलगाडीने पहूर गाठलं आणि छोट्या गाडीत बसलो. गाडी सुटली. मास्तर आपल्या नळीतून माझ्याकडे बघत राहिले.

"तू काय पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, आरसा धरला होता ना मी. काहीच नाही पाहिलं.

त्यांना वाईट वाटलं असावं असं मला वाटलं, आणि मी घाईघाईने म्हणालो की माझे डोळे धडधाकट आहेत, मी कधीही जाऊ शकतो. ते माझं बोलणं ऐकतच नव्हते. त्यांनी पिशवीतून कागद काढायला गेलेला हात मागे घेतला, माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर तळवा वर करून ठेवला आणि त्यावर बोटाने रेघ काढायला लागले. "हा खांदा," ते म्हणाले. "छापील चित्रात सरळ दिसतो, तसा नाही. असा उतरतो, हे बघ. आणि मागच्या खडकांत माकडं आहेत. तीस वर्षं मी पोरांना त्यांच्याबद्दल काही सांगितलंच नाही. मला माहीतच नव्हती."

दिवाळीला तो डोळा गेला. पण ते दुःख पुढचं. त्या दिवशी शेंदुर्णी स्टेशन आलं, माणसं चढली-उतरली, कुणी आमच्याकडे बघून हसलंही असेल. मास्तर कमळाचं देठ माझ्या तळव्यावर काढत होते आणि मी ते डोळे मिटून बघत होतो. पाचोरा आलं तेव्हा आमची अजून एक भिंतही पुरी झाली नव्हती.