अमावास्येची वाट पाहणाऱ्या बाई

आमच्या विरारच्या इमारतीत अमावास्येला लोक खरेदी टाळायचे, प्रवास पुढे ढकलायचे. वरच्या मजल्यावरच्या बाई मात्र तिची सणासारखी वाट बघायच्या. चंद्र दिसला की वैतागायच्या, "हा एकदाचा गेला की कामाला लागता येईल."

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, एकट्या राहायच्या आणि सुट्टीच्या आदल्या रात्री जवळच्या चांदीप गावात ओळखीच्यांच्या शेतावर दुर्बीण लावून तेजोमेघांचे, म्हणजे आकाशातल्या वायू-धुळीच्या चमकत्या ढगांचे, फोटो काढायच्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट, कॅमेरा रिळाचा. स्टुडिओवाला म्हणायचा, "मॅडम, सगळं काळं आलंय, छापलं नाही." बाई शांतपणे सांगायच्या, "काळंच छापा. त्यातच माझं काम आहे."

एका हिवाळ्यात माझं बाळ जन्मतःच गेलं. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी समजावून जायचा. बाई आल्या, चहा प्याल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी चल माझ्याबरोबर. दुर्बिणीला डोळा लावून बसायला माणूस हवाय."

"अशा दिवसांत? अमावास्येला?" सासूबाई कुरकुरल्या.

"जपून आणते," एवढंच बाई बोलल्या.

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर कॅमेरा रोखून त्यांनी मला काम दिलं. दुर्बिणीत दिसणारा तारा मधल्या फुलीवरून सरकला, की चाकी हलकेच फिरवून त्याला परत फुलीवर आणायचं. थोडा वेळ जमलं. मग डोळे भरून आले, तारा दिसेनासा झाला आणि मी हुंदके देत बसले. बाईंनी आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. 

तारा फुलीवर राहिला नव्हता, त्यामुळे फोटोत ताऱ्यांच्या नुसत्या रेघा उमटल्या. मी ओशाळले, तर म्हणाल्या, "अगं, आकाश कुठे पळून जातंय? पुढच्या अमावास्येला परत जाऊ."

गेलो. पुढेही जात राहिलो. एकदा फोटोत गुलाबी धुकं स्वच्छ उमटलं. "इथे तारे जन्माला येतात," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून फोटो घाईघाईने पाकिटात घालू लागल्या. 'जन्म' हा शब्द ऐकून मी मात्र पहिल्यांदाच तोंड फिरवलं नाही, फोटो परत मागून घेतला.

पुढे विरारच्या दिव्यांचा उजेड चांदीपपर्यंत पोचला, तारे फिके झाले. बाई निवृत्त होऊन कोकणात भावाकडे राहायला निघाल्या. जाण्याआधी आम्ही शेवटचं शेतावर गेलो. मी कॅमेरा काढू लागले, तर हात धरून म्हणाल्या, "आज राहू दे. नुसतं बघू."

बांधावर बसल्यावर मी धीर करून म्हटलं, "बाई, त्या वेळी तुम्ही मला इथे आणलं नसतं तर..."

 त्या वर बघतच म्हणाल्या, "तुझ्याआधी मी इथे एकटी यायचे ना, तेव्हा मला फार भीती वाटायची गं."